हौस आणि हिशेब

'हौस' हा शब्द आपल्या मराठीत मोठा अवघडून बसलेला आहे. मुलीच्या लग्नात हौस करावी, नातवंडांची हौस पुरवावी, यात कुणाला काही वावगे वाटत नाही. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाने, त्यातही एखाद्या बाईने, स्वतःपुरती हौस केली की तोच शब्द ओठ मुरडून उच्चारला जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षिका रविवारच्या मिस्सानंतर थांबल्या आणि सगळे निघून गेल्यावर हळूच म्हणाल्या, "फादर, एक विचारायचं होतं. रागावणार नाही ना?" मला वाटले, घरात काही बिघडले असावे. प्रश्न निघाला तो असा : जळगावात एका स्टुडिओच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी फोटोग्राफीचा वर्ग भरतो, त्यात त्यांनी नाव घातले होते. फी स्वतःच्या पगारातून भरली होती. पण घरी मुलगा विचारीत होता, "याचा उपयोग काय?" आणि त्यांनाही उत्तर सापडत नव्हते. "यात काही चूक तर नाही ना, फादर?"

आजवर माझ्याकडे कुणीही पुरुष क्रिकेटचा सामना पाहणे चूक आहे काय, असे विचारायला आलेला नाही. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. त्या दिवशी मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "चूक कसली? उलट देवाने दिलेले दान आहे. धर्मग्रामाच्या सेवेला लावा, म्हणजे झाले." त्यांचा चेहरा उजळला. मलाही आपण योग्य मार्गदर्शन केल्याचे समाधान वाटले.

त्या वर्गातली इतर मुले लग्नसमारंभाचे फोटो काढून पोट भरू पाहणारी होती. गुरुजींनी प्रत्येकाला 'का शिकायचे?' असे विचारले तेव्हा बाई 'सहज' एवढेच म्हणाल्या, आणि वर्ग हसला. अ‍ॅपर्चर आणि शटर यांचे नाते समजायला त्यांना तीन शनिवार लागले. पुढे त्यांनी काढलेले काही फोटो मी पाहिले. तुराट्यांच्या जाळावर भरतासाठी भाजली जाणारी बामणोदची वांगी आणि त्यांवरून चढणारा धूर. पावसानंतर केळीच्या फाटक्या पानातून आलेला उजेड. भुसावळच्या फलाटावर गाठोड्याला टेकून झोपलेले एक म्हातारे. या शेवटच्या फोटोसाठी त्या म्हातारबाबांना जाग येईपर्यंत थांबल्या होत्या, परवानगी विचारली, आणि मग त्यांना पुन्हा झोपल्यासारखे करायला लावण्याचा धीर होईना म्हणून जागेपणीचाच फोटो काढून परतल्या. म्हणजे झोपलेल्या माणसाचा तो फोटो नव्हताच. हा किस्सा सांगताना त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

त्यानंतर मी त्यांना कामाला लावले. प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा, धर्मग्रामाचा सण, बिशपमहाराजांची भेट, नाताळची गाणी, युवकांचे शिबिर. बाई प्रत्येक वेळी आल्या. फोटो चांगले येत, लोक प्रती मागत, कुणाचा चेहरा झाकला गेला म्हणून रुसवेही होत. वर्ष-दीड वर्षाने दृढीकरण संस्काराची तारीख ठरली तेव्हा मी निरोप धाडला. त्या स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "फादर, कॅमेरा भाच्याला देऊन टाकला. आता मन लागत नाही त्यात." तक्रारीचा सूर नव्हता. तेवढ्यानेच मला अधिक टोचले.

मी काय केले होते? एका माणसाला देवाने दिलेली निरुपयोगी गोष्ट मी उपयोगी करून टाकली होती. सेवा वाईट, असे मला म्हणायचे नाही. याजकाने तसे म्हणूच नये. पण त्यांनी माझ्याकडे सेवेची संधी मागितलीच नव्हती. त्यांनी विचारले होते, निव्वळ आनंदासाठी एखादी गोष्ट करायला माणसाला मोकळीक आहे काय? त्या प्रश्नाला मी बगल दिली. कारण मनातून माझेही उत्तर 'नाही' असेच होते.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा मोठा ग्रंथ आम्ही परीक्षेपुरता वाचला. त्यात खेळाविषयी एक प्रकरण आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर करमणूक करीत असता काहीजणांना ते खटकले. योहानांनी त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सांगितले, आणि विचारले, 'हे सतत करीत राहता येईल?' तो म्हणाला, 'धनुष्य मोडेल.' मनाचेही तसेच, हा त्या कथेचा आशय. थॉमस एवढ्यावर थांबत नाहीत. खेळात अतिरेक हा दोष आहेच, पण ज्याला खेळताच येत नाही, जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्याला अडथळा होतो, त्याच्यातही दोष आहे, असे ते सांगतात. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते!

तरीही धनुष्याचा दृष्टान्त माझे समाधान करीत नाही. धनुष्य सैल सोडायचे ते पुन्हा ताणता यावे म्हणून. म्हणजे विसावाही अखेर कामाच्याच खात्यावर जमा. याच थॉमसनी बोएथियसच्या एका छोट्या ग्रंथावर भाष्य लिहिताना आरंभी वेगळेच म्हटले आहे. ज्ञानाचे चिंतन हे खेळासारखे आहे, कारण दोन्हींत आनंद आहे, आणि दोन्ही दुसऱ्या कशासाठी केली जात नाहीत, ती त्यांच्यासाठीच केली जातात, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. धर्मशास्त्राचा एवढा मोठा पंडित आपल्या सर्वोच्च व्यवसायाला उपमा शोधतो, ती लढाईची नव्हे, शेतीचीही नव्हे, तर खेळाची! उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही देव आरंभापासून पुन्हा पुन्हा निर्मितीकडे पाहतो आणि ती चांगली असल्याचे त्याला दिसते. त्याने प्रथम तसे पाहिले तेव्हा तिचा उपयोग करणारा मनुष्य अजून घडलेलाही नव्हता.

छायाचित्रणाच्या इतिहासात हौशी माणसांची रांगच लागली आहे. 1898 साली तुरीन येथील पवित्र कफनाचे पहिले छायाचित्र घेणारे सेकोंदो पिया हे पेशाने वकील. काच धुताना उलट प्रतिमेत त्यांना एक शांत मुखवटा दिसला आणि जग हलले. ते वस्त्र कोणत्या काळातले हा वाद 1988 च्या कार्बन-चाचणीनंतरही शमलेला नाही. तो येथे नको. लिझ्यूच्या कार्मेल मठात 1894 मध्ये सेलीनने प्रवेश केला तो कॅमेरा बरोबर घेऊन. मठाधिकारिणीने तो ठेवू दिला, म्हणून आपल्या लाडक्या संत तेरेझाचा चेहरा आज घराघरांत आहे. आयर्लंडचे येशूसंघीय फादर ब्राउन हे विद्यार्थी असताना 1912 मध्ये काकांनी दिलेल्या तिकिटावर टायटॅनिकवर काही काळ होते. वरिष्ठांनी तारेने परत बोलावले म्हणून वाचले, आणि त्यांचे फोटोही. आपल्या खानदेशाजवळचे उदाहरण हवे तर मेजर रॉबर्ट गिल यांचे. 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या या सैनिकाने पन्नाशी ओलांडल्यावर कॅमेरा हाती घेतला. 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांच्या बहुतेक नकला जळाल्या. ते स्वतः 1879 साली गेले आणि भुसावळला मातीआड झाले.

ही यादी लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचली आणि लाजलो. पिया महत्त्वाचे, कारण कफन. सेलीन महत्त्वाची, कारण तेरेझा. म्हणजे मी पुन्हा हिशेबच मांडीत होतो. वही तीच, फक्त रकमा मोठ्या. तुराट्यांवरच्या वांग्याचा फोटो या यादीत कुठे बसणार?

त्यापेक्षा चाळीसगावचे केकी मूस मला अधिक अडचणीत टाकतात. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन आलेला हा पारशी गृहस्थ रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात राहिला आणि 1989 मध्ये देवाघरी जाईपर्यंत फारसा उंबऱ्याबाहेर पडला नाही. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून तो अशी छायाचित्रे घेई की पाहणाऱ्याला ती उघड्या रानातली वाटावीत. एका प्रेयसीची वाट पाहण्याची कथा त्याच्याविषयी सांगतात. खरेखोटे देव जाणे. थॉमसच्या मापाने हा अतिरेक म्हणावा लागेल काय? कदाचित. पण मुंबईत धंदा थाटला असता तर ते शहाणपण, आणि चाळीसगावात टेबलासमोर बसला म्हणून तो वेडा, एवढा सोपा निवाडा मला देववत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो माझ्या मनाला सोडीत नाही. कापसाचा भाव पडला की धुळे-जळगावच्या कितीतरी घरांत चुलीची काळजी पडते. सातपुड्याच्या पायथ्याची माणसे ऊसतोडीला गाव सोडून जातात. अशा मुलखात फोटोग्राफीच्या वर्गाची फी भरणे शोभते काय? बेथानीच्या त्या सुगंधी तेलाचा दाखला येथे पुढे केला जातो. मला तो सोयीचा वाटत नाही. ते तेल मरियेने प्रभूच्या चरणांवर ओतले होते, स्वतःच्या आनंदासाठी नव्हे. भुकेल्याच्या वाट्याचे घेऊन केलेली हौस ही हौस नव्हे, चोरीच आहे. पण गरिबाला फक्त भाकर लागते, हा समजही आपल्या पोटभरल्या लोकांचाच. पोळ्याला कर्जबाजारी शेतकरीही बैलाची शिंगे रंगवतो, झूल चढवतो. रंगवलेल्या शिंगांनी औत अधिक खोल जात नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. असोद्याच्या बहिणाबाई जात्यावर आणि शेतात गाणी रचीत होत्या, त्या काही छापून येण्यासाठी नव्हेत. पुढे ती लिहून घेतली गेली म्हणून आपल्याला मिळाली. लिहून घेतली नसती तर त्यांचे गाणे व्यर्थ गेले असते, असे कोण म्हणेल?

मी बाईंना जे बोललो त्यात आणि त्यांच्या मुलाच्या 'उपयोग काय?' यात फरक एवढाच की माझ्या तोंडी देवाचे नाव होते. म्हणूनच ते अधिक परिणामकारक ठरले. मुलाला त्या उत्तर देऊ शकल्या असत्या. धर्मगुरूला कसे देणार?

यंदा पुनरुत्थान सणाच्या आधी घरोघरी आशीर्वाद देत फिरताना त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मी सांगितले की त्या दिवशी मी चुकलो. नुसते 'चूक नाही' एवढे म्हणून थांबायला हवे होते. त्या संकोचल्या, "काहीतरीच काय, फादर" म्हणाल्या, आणि विषय बदलण्यासाठी की काय, कपाटातून एक अल्बम काढला. त्यात एक फोटो मला कळेचना. पांढरा, मऊ, कडेला सोनेरी उजेड असलेला काहीतरी आकार होता. मी उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "हे काय आहे?"

"काही नाही हो, दोरीवरचा टॉवेल आहे. सकाळी सातचा."

कॅमेरा भाच्याकडून परत मागवला का, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.