तुलना आणि जिज्ञासा

विद्याभ्यासासाठी घर सोडून महाविद्यालयात गेलेल्या वासनिक तरुणाच्या मनास पुष्कळदा एक व्यथा जडते. तालुक्याच्या शाळेत जो पहिला येत असे, तोच अभियांत्रिकीच्या वा वैद्यकाच्या वर्गात मागे पडतो. शेजारचा सहाध्यायी इंग्रजी अस्खलित बोलतो, अवघड गणित सहज सोडवितो; हा रात्र जागूनही त्याच्या बरोबरीस येत नाही. मग ‘आपण मुळातच हीन’ असा निश्चय मन करते. तो निश्चय कितपत खरा, हे तपासले पाहिजे.

प्रथम व्यवहार पाहू. गुणानुक्रमे प्रवेश देणारी संस्था ठिकठिकाणचे पहिले विद्यार्थी एकत्र करते. असे ६० जण एका वर्गात बसले, तर त्यांतील ५९ जणांचा पहिला क्रमांक जाणारच. क्रमांक गेल्याने मिळविलेली विद्या जात नाही.

आता तत्त्वतः पाहू. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या ४ पदार्थांपैकी देवतांमध्ये श्रेष्ठकनिष्ठतेच्या पायऱ्या आहेत. जीवांचे तसे नाही. अनादि अविद्येचे बंधन सर्व जीवांस सारखेच, आणि त्यातून सोडविणारा परमेश्वरही एकच. बुद्धी, वाणी, स्मृती यांतील अंतर हे कर्मानुसार लाभलेल्या साधनांचे अंतर होय. जीवाच्या स्वरूपाचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, तुलना सुटली तर उद्यमही सुटेल. येथे भेद करणे अवश्य आहे. दुसऱ्याचे आधिक्य पाहून स्वतःच्या उणिवेची खंत वाटली, तर त्यातून उद्यम उपजतो. त्याचे आधिक्यच सलू लागले, तर विकल्प उपजतो. मग ज्याच्यापाशी शिकावयाचे, त्याच्याच ठायी दोष दिसू लागतात. हीनभाव याहून सूक्ष्म आहे. तो नम्रतेसारखा भासतो, परंतु त्याचे फळ गर्वाच्या फळासारखेच. गर्विष्ठ प्रश्न विचारीत नाही, कारण सर्व ठाऊक आहे असे त्यास वाटते. हीनभावाने ग्रासलेला विचारीत नाही, कारण आपले अज्ञान उघडे पडेल असे भय त्यास असते. दोघेही ज्ञानास अंतरतात.

केसोबास, पंडित दामोदर यांच्यासारखे विद्वान ज्या मार्गात होऊन गेले, त्याच मार्गात महदाइसा जिज्ञासेमुळे आदरास पात्र झाल्या. त्यांनी सर्वज्ञांस केलेल्या पृच्छा लीळाचरित्रात ठायी ठायी आढळतात. म्हाइंभट तर विद्येच्या अभिमानाने वादास आले होते. पुढे तेच एकेका भक्तापाशी जाऊन लीळा विचारून घेऊ लागले. सांगणारा आपल्याहून अधिक शिकलेला की कमी, याचा विचार त्यांनी केला नाही. लीळा त्याच्यापाशी आहे, एवढेच पाहिले.

हाच न्याय विद्यार्थ्यास लागू पडतो. जे येत नाही ते पुढे असलेल्यास निःसंकोच विचारावे, आणि जे येते ते मागे राहिलेल्यास सांगावे. वडीलधाऱ्यांनीही मुलगा सुट्टीत घरी आल्यावर ‘कितवा आलास?’ हे पुसण्याआधी ‘नवीन काय समजले?’ हे पुसावे.