खोट्या सहा धावा आणि अस्सल कागद

खेळांची स्थानिक बातमीदारी म्हणजे नावांची जंत्री, तिच्यात विचार औषधालाही नसतो, असं आमच्या एका विद्वान मित्राने रत्नागिरीतल्या भर सभेत सांगून टाकलं. तेही वि. वि. करमरकरांचं नाव घेऊन. करमरकर ६ मार्च २०२३ रोजी गेले. १९६२ साली ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला आणि तिथे करमरकरांनी खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, हे सगळ्यांना पाठ आहे. मित्राचा युक्तिवाद असा की, करमरकर मोठे, कारण ते निकालाच्या पलीकडे गेले. क्रीडाधोरणावर बोलले, संघटकांची खरडपट्टी काढली, कबड्डी-खो-खोला प्रतिष्ठा दिली. बाकीचे, म्हणजे तालुक्यातालुक्यांतून शालेय स्पर्धांचे निकाल पाठवणारे, हे नुसते हमाल. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी आपल्या पोराच्या नावाचं कात्रण लॅमिनेट करून ठेवलेलं असणार, ही गोष्ट वेगळी.

करमरकरांचा मोठेपणा मलाही मान्य आहे. पण त्या पानावर जो मजकूर पडायचा तो काय आकाशातून पडायचा? मुंबईतल्या टेबलावर बसून खो-खोला प्रतिष्ठा देता येते; पण अमुक गावच्या मुलींनी एक डाव राखून सामना मारला हे कळायला कुणीतरी त्या गावच्या मैदानावर उभं असावं लागतं. करमरकरांवर व्याख्यान द्यायचं आणि ते ज्यांच्या खांद्यावर उभे होते त्यांना हमाल म्हणायचं, याला आमच्याकडे गुरुभक्ती म्हणत नाहीत.

हा जो उभा असायचा त्याचं वर्णन करणं सोपं आहे, कारण कोकणात तो सगळीकडे साधारण सारखाच. पेशाने बहुधा शिक्षक, नाहीतर विमा एजंट, नाहीतर दुकानदार. पगार नाही. छापून आलेल्या मजकुरावर काही मानधन मिळालं तर मिळालं. बातमी कागदाच्या एकाच बाजूला लिहायची, पाकिटात घालायची आणि एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. घाटात दरड कोसळली की बातमी शिळी. नंतर फॅक्स आला, मग ई-मेल, मग व्हॉट्सअ‍ॅप. बातमीच्या वर छापलेलं असायचं ‘वार्ताहर’. गावातल्या प्रत्येक पोराचं नाव छापणाऱ्याचं स्वतःचं नाव छापायची पद्धत नव्हती, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत असेल असं मला दिसलं नाही. त्याला वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. उपसंपादकाने जागेअभावी शेवटच्या दोन ओळी कापल्या, की पराभूत संघाची नावं गेली.

ही नावं काय चीज असते ते खो-खोच्या बातमीत पाहावं. मित्राने ती वाचलेली दिसत नाही. क्रिकेटच्या बातमीत शतक ठोकणारा आणि पाच बळी घेणारा, बाकीचे ‘आणि इतर’. खो-खोच्या बातमीत तसं चालत नाही. संरक्षणाला तीन-तीन खेळाडूंची तुकडी उतरते, आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती किती वेळ टिकली हे येतं. एकीचं दोन मिनिटं दहा सेकंद, दुसरीचं एक चाळीस, तिसरीचं नाबाद. मग आक्रमणात कुणी किती गडी बाद केले ते. कुणी पोलवर मारला, कुणी सूर मारून. नऊ मिनिटांच्या डावात जी पोरगी तीस सेकंदांत बाद झाली तिचेही तीस सेकंद स्कोअरशीटवर असतात. रत्नागिरीच्या अपेक्षा सुतार, आरती कांबळे, ऐश्वर्या सावंत महाराष्ट्राकडून खेळल्या तेव्हा त्यांची नावं राज्यभरच्या पानांवर आली. पण त्या ज्या तुकडीत उतरायच्या तिच्यातल्या उरलेल्या मुलींचं काय? त्यांची नावं जिथे सापडतील अशी जागा एकच, जिल्ह्याच्या पेपरातली ती ‘जंत्री’. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार मराठी. तेव्हा खो-खोवर लिहायला लेखण्या सरसावल्या. चांगलंच झालं. पण विश्वचषकावर कुणीही लिहील.

माझ्या बाजूने साक्षीला मी इतिहासाचार्य राजवाड्यांना उभं करतो. मित्र त्यांचा भक्त आहे, त्यामुळे साक्षीदार फितूर झाला असं त्याला म्हणता येणार नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला, पानिपतच्या आगेमागेच्या पत्रांचा, आणि पुढे अशा खंडांची संख्या बावीसवर गेली. हा माणूस गावोगाव हिंडला. लोकांचे माळे, पेट्या, फडताळं धुंडाळत, यजमानांच्या नाकदुऱ्या काढत, आणि प्रसंगी त्यांच्याशी कडाकडा भांडत. त्याला हवं काय होतं? हिशेब, पावत्या, निवाडे, कुणी कुणाला किती दाणा पोचवला त्याची याद. म्हणजे जंत्रीच. बखरींना त्यांनी त्या पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत झोडपलं. बखरकार मागाहून लिहितो, रंगवून लिहितो, धन्याला आवडेल ते लिहितो. त्यापेक्षा त्या दिवशी, त्या जागी, कामापुरता लिहिलेला चिटोरा शंभरपट मोलाचा. अस्सल कागद तो हाच.

या कसोटीवर आपली क्रीडापत्रकारिता घासून पाहा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागी केली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. या भागीवर आजवर जे लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक सगळं बखर आहे. दरवर्षी तिला नवं कलम फुटतं. कांबळी गोलंदाजी सुरू असताना शीळ घालत होता, सर डाव घोषित करा म्हणून निरोप पाठवत होते, आणि निरोप ऐकूच येत नव्हता. खरं असेल, नसेल. समोरच्या सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांपैकी लोकांना एकच नाव येतं, साईराज बहुतुले, कारण तो पुढे भारताकडून खेळला. उरलेल्यांनी दीड-दोन दिवस उन्हात चेंडू टाकले ते कुणाच्या खाती मांडायचे? दुसऱ्या दिवशीच्या धावफलकात त्यांची षटकं आहेत. बखरीत नाहीत. राजवाड्यांपुढे सुरस क्रीडालेखांचे गठ्ठे आणि हा धावफलक ठेवला असता तर त्यांनी काय उचललं असतं, हे त्यांच्या भक्ताने मला सांगावं.

इथवर माझी बाजू भक्कम आहे असं मला वाटत होतं. पण याच तेंडुलकरने तिला सुरुंग लावून ठेवलेला आहे. २०१४ सालच्या आत्मचरित्रात त्याने एक गोष्ट सांगितली आहे. शाळेकडून अगदी सुरुवातीच्या एका सामन्यात त्याने २४ धावा केल्या. पेपरात नाव यायचं तर निदान ३० हव्यात असा तेव्हा मुंबईत दंडक होता. स्कोअररने तोड काढली. अवांतर धावा बक्कळ होत्या, त्यातल्या सहा पोराच्या नावावर टाकल्या, आणि पेपरात नाव आलं.

आता राजवाड्यांची कसोटी लावा. कागद समकालीन आहे. सामन्याच्याच दिवशी, मैदानावर, कामापुरता लिहिलेला आहे. बेरीजही बिनचूक, कारण सहा धावा एका ओळीतून काढून दुसऱ्या ओळीत घातल्या, संघाची एकूण संख्या जागची हलली नाही. अंतर्गत पुरावा तपासून ही लबाडी कुणाच्या बापाला सापडली नसती. अस्सल कागद खोटा ठरला, आणि खरं सांगितलं ते तीस-एक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींनी, म्हणजे बखरीने!

तेव्हा ‘नोंद म्हणून मोलाची’ एवढं म्हणून स्थानिक वार्ताहराची वकिली होत नाही. छापलं म्हणून खरं, त्याच दिवशी लिहिलं म्हणून खरं, हे सोडून द्यावं लागतं. आणि सोडलं की मित्राचं काम सोपं होतं. जंत्री ती जंत्री, वर खोटी. माझं मत मात्र इथून दुसऱ्या बाजूला वळतं, आणि वळवतात ते तेंडुलकरचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर. ती बातमी सरांनी वाचली आणि पोराची खरडपट्टी काढली. ज्या धावा केल्या नाहीत त्या नावावर घेतल्याच कशा? आचरेकर जन्माने मालवणचे. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवण आमच्याच जिल्ह्यात होतं, एवढा अभिमान बाळगायला हरकत नसावी. खोटं पकडलं कुणी? इतिहाससंशोधकाने नाही, संपादकाने नाही. ज्याला पोराच्या धावा ठाऊक होत्या अशा वाचकाने. शालेय खेळाची बातमी खरी ठेवणारी यंत्रणा ती हीच आहे. बातमी ज्यांच्याबद्दल असते तेच ती सकाळी वाचतात. रत्नागिरीत शिवाजी स्टेडियमवरच्या सामन्यात कुणाच्या संरक्षणाची दहा सेकंदं खाल्ली, तर वार्ताहराला मारुती मंदिरच्या नाक्यावर त्या शाळेचे पीटीचे सर गाठणार, पोरीचा बाप गाठणार, आणि चहाचे पैसेही त्यालाच द्यायला लावणार. दिल्लीच्या विश्लेषकाला कुणी गाठत नाही.

कशेळीच्या, म्हणजे राजापूर तालुक्यातल्या, त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना कागदांवर भागवलं नाही. ते स्वतः जाऊन रणभूमी पाहून आले. राजवाड्यांची पत्रं त्यांच्यापुढे होतीच. तरीही गेले. मित्राने यावर जरा विचार करावा.

जिथे पाहणारा कुणी नाही तिथे काय होतं याचा नमुना महाराष्ट्राने पाहिला आहे. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिन या खेळाची बनावट प्रमाणपत्रं मिळवून लोक त्या जागांवर दावा सांगत असल्याचं उघड झालं. ट्रॅम्पोलिनच का? कबड्डीचं खोटं प्रमाणपत्र काढणं अवघड, कारण कबड्डीच्या प्रत्येक सामन्याला निदान पंचवीस साक्षीदार आणि पन्नास हितशत्रू असतात. ट्रॅम्पोलिनची स्पर्धा कुठल्या तालुक्याच्या वार्ताहराने कधी पाहिली होती?

उलट टोकाला कल्याणचा प्रणव धनावडे. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात त्याने नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ सालचा ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ चा विक्रम मोडला. यात खोटं काहीच नव्हतं. पण मैदान लहान, समोरचा संघ दुबळा, त्यांच्या हातून झेल सुटत होते, हे कल्याणच्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. ती माहिती गावातच राहिली, जगभर गेला तो नुसता आकडा. रिक्षाचालकाच्या मुलाला मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी मुलाची कामगिरी घसरली म्हणून ती थांबवा, असं त्याच्या वडिलांनीच संघटनेला कळवलं. बाहेरच्या कुणी त्या बापाइतका प्रामाणिकपणा दाखवल्याचं मला आठवत नाही. स्थानिक नोंद गावाबाहेर पडली की तिच्यावरची राखण सुटते, आणि मग तिचं काय होईल ते सांगता येत नाही.

मित्राचा एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे, आणि तो त्याने सभेत नाही, नंतर चहा पिताना काढला. करमरकर जाण्याच्या महिनाभर आधी, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, रिफायनरीच्या जमिनींबद्दल बातम्या देणारे पत्रकार शशिकांत वारिसे यांना राजापुरात गाडीखाली चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. जिल्ह्यातला पत्रकार आठवायचा तर तो आठवा, तुमचा खो-खोवाला कुणाच्या वाटेत आला होता? या प्रश्नावर हुशारीने उत्तर देणं शोभणार नाही. दोघांची जोखीम एका तागडीत घालता येत नाही, आणि मी घालतही नाही. एवढंच म्हणतो की, वारिसेंचा पेपर ज्या घरांत विश्वासाने वाचला जात होता त्या घरांत तो विश्वास जमिनीच्या बातमीने पहिल्यांदा शिरलेला नसतो. आपल्या पोरीची सेकंदं बरोबर छापतो, दहावीची टक्केवारी बरोबर छापतो, मयताची वेळ बरोबर छापतो, तर हा सातबाऱ्याबद्दलही खरंच लिहीत असेल, अशी माणसाची समजूत असते. ही उधारी वर्षानुवर्षं सांभाळणारे लोक आणि ती एका मोठ्या बातमीसाठी पणाला लावणारे लोक एकाच कचेरीत बसतात. बऱ्याचदा तो माणूस एकच असतो.

आता परिस्थिती अशी आहे की संघटना स्वतःच प्रेसनोट लिहिते, ग्रुपवर टाकते, आणि दुसऱ्या दिवशी चार पेपरांत शब्दाशब्दाने तीच बातमी, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पहिल्या परिच्छेदात प्रमुख पाहुणे, दुसऱ्यात पाहुण्यांचं मनोगत, तिसऱ्यात दीपप्रज्वलन करणाऱ्यांची यादी. खेळ चौथ्यात, जागा उरल्यास. नावांची जंत्री गेलेली नाही, हे मित्राच्या लक्षात आणून द्यायला हवं. तिच्यातली नावं तेवढी बदलली आहेत. त्याचंही नाव त्या सभेच्या बातमीत दुसऱ्या परिच्छेदात होतं, आणि ती बातमी आयोजकांनी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती.