अवधूताचा पंचविसावा

शाळेत संगणक आले तेव्हा गावात थट्टा सुरू झाली, “गुरुजी, आता तुमचं काय?” हा प्रश्न खरं तर अवधूताला विचारायला हवा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. आमच्या घरी हा भाग एकनाथी भागवतातून वाचला जाई. नाथांनी ते १५७३ साली काशीत पुरं केलं. पृथ्वी, पाणी, अजगर, कोळी, बाण घडवणारा कारागीर. यातल्या एकानेही अवधूताला शिकवायचं म्हणून काही केलेलं नाही. दारावरून राजाची स्वारी गेली तरी कारागिराची मान वर झाली नाही, एवढंच. एकाग्रता अवधूताने आपली आपण उचलली. गुरुपण घेणाऱ्याच्या नजरेत असेल, तर यंत्रानेच काय घोडं मारलंय?

पण यंत्रायंत्रांत फरक आहे.

लोगो ही १९६७ची संगणकभाषा. सेमूर पॅपर्ट तिच्या जनकांपैकी एक. पडद्यावर कासव असतं, सांगू तसं रेघ ओढत चालतं. आमच्या सहावीतल्या एका मुलीने चौरस चटकन काढला: शंभर पावलं चाल, नव्वद अंश वळ, असं चारदा. समभुज त्रिकोणाला तिने साठ अंश दिले, कारण पुस्तकात त्याचा कोन साठच. कासव भलतीकडे गेलं. तिने हट्टाने साठच देत नेलं, तर षटकोन झाला! मग ती उठली आणि फरशीवर स्वतःच त्रिकोण चालू लागली. कोपऱ्यावर तोंड किती फिरवावं लागतं ते पायांना कळलं. एकशेवीस. मी खिडकीशी गप्प उभा होतो. माझ्या मते पगाराचा मोठा भाग त्या गप्प राहण्याचाच असतो.

हेच व्हिडिओत दाखवलं की १२० हा आकडा रंगीत होऊन, वाजतगाजत येतो. मुलाला प्रश्न पडायच्या आत. मुलं टक लावून बघतात. अवधूताच्या यादीत ज्योतीवर झेपावणारा पतंगही आहे. तोही गुरूच, पण काय टाकावं हे शिकवणारा. व्हिडिओची बाजू घेणारे एकलव्याचा दाखला देतात. त्या मातीच्या मूर्तीने त्याला एकही उत्तर आयतं दिलं नव्हतं, हे मात्र विसरतात.

कासवानेही दिलं नाही. चुकीची आज्ञा निमूट पाळून त्या मुलीची चूक तिच्यासमोर रेखाटली, म्हणून मी त्याला पंचविसावा म्हणायला तयार आहे. व्हिडिओला नाही.

ग्रामपंचायत शाळेला मोठा टीव्ही देणार असं ऐकतो. जरूर द्यावा. पण त्याआधी कोपऱ्यात बंद पडलेले दोन संगणक दुरुस्त करून द्यावेत, ही विनंती.