आधी साखळ्या, मग प्रश्न

वचन : प्रेषितांची कृत्ये २१:३१-३९, २३:१२-२४

यरुशलेमेच्या मंदिरात दंगा उसळला, तेव्हा रोमी पलटणीचा सरदार शिपाई घेऊन धावला. तो आला म्हणूनच पौलाचा जीव वाचला. परंतु त्याने पौलास आधी दोन साखळ्यांनी बांधविले, आणि हा कोण, याने काय केले, हे मागाहून विचारले. चार हजार मारेकऱ्यांस रानात नेणारा मिसरी बंडखोर तो हाच, असे त्याने मनात धरले होते. पौल हेल्लेणी भाषेत बोलला, तेव्हा कोठे तो गोंधळला.

ह्याच उतावळेपणाने आपल्या देशात कायद्याचे रूप घेतले. १८७१ सालच्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. ठाण्यावर हजेरी देणे त्यांच्या नशिबी आले. १९५२ साली ऑगस्टच्या ३१ तारखेस त्या मुक्त झाल्या. कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की आपले बोट अजून पारध्यांच्या पालांकडे वळते. हा दोष एकट्या पोलिसांचा म्हणू नका. संशयाचे नाव त्यांच्या कानी आपणच घालतो.

उलटही घडते. गेल्या पावसाळ्यात एका गावी सायंप्रार्थना चालू असता दारात हवालदार उभा राहिला. गायन थांबले, पोरे आयांच्या पदराआड गेली. आम्हीही मनात म्हटले, आता कोणाचे नाव निघते? तो म्हणाला, “पाळकसाहेब, धाकटी मुलगी तापाने फणफणली आहे. प्रार्थना कराल का?” आम्हांस लाज वाटली. त्याच्या खाकी कपड्यास आम्हीही विचारण्याआधीच साखळ्या घातल्या होत्या.

पुढे पाहा. चाळीसांहून अधिक माणसांनी पौलाच्या वधाची शपथ घेतली, हे त्याच्या भाच्यास कळले. त्या तरुणाने गढीत जाण्याचे धैर्य केले. सरदाराने त्याचा हात धरून, एकीकडे नेऊन, सर्व ऐकून घेतले. त्याच रात्री ४७० शिपायांच्या पहाऱ्यात पौल कैसरियाच्या वाटेस लागला. एकाने भय टाकिले, दुसऱ्याने कान दिला, आणि एक प्राण वाचला.

उपदेशक बंधूंनो, ठाण्यावर जाण्यास भिणाऱ्या गरिबाबरोबर आपण जावे. डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. शिपायास नावाने ओळखावे, पारध्यासही. बाहेरील रूप न पाहता हृदय पाहणारा प्रभू आपणांस तशी दृष्टी देवो. आमेन.