पानावरचे छिद्र

जर्मनीतील हॅनोव्हर शहरात हेरेनहाउझेन नावाचे राजोद्यान आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तत्त्वज्ञ लायब्निझ तेथे राजकुलातील सोफी ह्या विदुषीच्या सहवासात चर्चा करीत असे. जगात कोणत्याही दोन वस्तू तंतोतंत एकसारख्या नसतात, असे त्याचे प्रतिपादन होते. एका सद्गृहस्थाला ते पटेना. अगदी सारखी दोन पाने आपण सहज शोधून दाखवू, असे त्याला वाटले. सोफीने त्याला शोधायला लावले. बिचारा बराच वेळ बागभर हिंडला; पण तशी दोन पाने त्याला गवसली नाहीत. हा प्रसंग लायब्निझने स्वतः लिहून ठेवला आहे.

आज संगणकाच्या पडद्यावर रान उभे करणाऱ्या कलावंताला नेमका उलट प्रश्न पडतो. एकसारखी पाने त्याच्यापाशी हवी तितकी असतात. वेगवेगळी पाने आणायची कोठून?

ह्या कलेची मुळे वनस्पतिशास्त्रात आहेत. अरिस्टिड लिंडेनमायर ह्या हंगेरीत जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली साध्या वनस्पतींची वाढ मांडण्यासाठी एक गणिती रीत सुचवली. तिचे मर्म सोपे आहे. एका फांदीला दोन फांद्या फुटाव्यात, असा एक नियम करावा आणि तोच नियम प्रत्येक नव्या फांदीला पुन्हा लावावा. दहाव्या पायरीस एका खोडाची १०२४ टोके होतात. ह्या टोकांना पाने लावायची. पानाच्या वरच्या बाजूची चकाकी, पाठीचा फिकेपणा आणि ऊन आरपार झिरपते तेव्हा दिसणारा पोपटी उजेड, हे सारे हिशेबाने साधायचे. मग त्या एका झाडाच्या हजार प्रती, कोठे वळवून, कोठे लहान-मोठ्या करून, डोंगरभर लावायच्या. २०१६ साली पडद्यावर आलेल्या ‘द जंगल बुक’ ह्या चित्रपटातील मोगली लॉस एंजेलिसच्या बंदिस्त स्टुडिओत वावरला. त्याच्याभोवतीचे भारतीय अरण्य बहुतांशी संगणकाने घडवलेले होते.

परंतु येथे एक विलक्षण अनुभव येतो. झाड जितके निर्दोष, तितके ते खोटे दिसते. प्रत्येक पान हिरवेगार, प्रत्येक फांदी डौलदार असली की मानवी डोळा तत्काळ ओळखतो, की हे कागदी आहे. म्हणून कलावंत मुद्दाम उणिवा पेरतो. एखादे पान पिवळे करतो, एखाद्याची कड करपवतो, एखाद्याला किडीने पाडावे तसे छिद्र पाडतो. कोणत्या पानाला कोणता दोष द्यायचा, हे संगणक फासे टाकल्यासारख्या स्वैर आकड्यांनी ठरवतो. मात्र हे फासे खरोखर स्वैर नसतात. आरंभी दिलेल्या एका संख्येवरून ते सूत्रानेच निघतात. त्या संख्येला ‘सीड’, म्हणजे बीज, असे नाव आहे. तेच बीज त्याच नियमांना पुन्हा दिले, की तेच रान उगवते. छिद्रसुद्धा त्याच पानावर, त्याच जागी.

‘बीज’ हा शब्द ऐकून आपल्याला प्रभू येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. त्या दाखल्यातील बी एकाच हातातून पडते. पण कोठे वाट लागते, कोठे खडक, कोठे काटेरी झुडपे. आणि चांगल्या जमिनीतही कोठे तीसपट पीक येते, कोठे साठपट, कोठे शंभरपट. खऱ्या बीजाला भूमी भेटते, पाऊस भेटतो, पाखरे भेटतात. संगणकाच्या बीजाला कोणीच भेटत नाही. त्याच्या रानात वैविध्य असते, पण घटना नसते.

येथेच मला खरा भेद दिसतो. आपल्या अंगणातील जास्वंदीच्या पानावर छिद्र असेल, तर ते पान कोणा अळीचे अन्न झालेले असते. कडा करपली असेल, तर एका दुपारी ऊन कडक झालेले असते. खऱ्या पानाचा दोष हा त्याचा इतिहास असतो. चित्रातील पानाचा दोष केवळ आपल्या डोळ्यांसाठी असतो. त्या छिद्रातून कोणाचेही पोट भरलेले नाही. पुनरुत्थित प्रभूच्या गौरवी देहावरही खिळ्यांचे व्रण राहिले, आणि त्या व्रणांवरूनच थॉमसला त्याची ओळख पटली. व्रण हे त्याने सोसलेल्या प्रेमाचे चिन्ह होते. तसा व्रण नुसत्या आकड्यांतून कसा उमटावा?

मग अशी प्रतिकृती घडवणे हा निर्मात्याशी स्पर्धा करण्याचा उद्धटपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. इंग्लंडमधील साउथवेल येथील चर्चच्या सभागृहात तेराव्या शतकातील पाथरवटांनी दगडी खांबांच्या माथ्यांवर ओक, द्राक्षवेल, आयव्ही अशी पाने इतक्या निगुतीने कोरली आहेत, की झाडांच्या जाती आजही ओळखता येतात. अनुकरण हीदेखील एक प्रकारची आराधना असू शकते. ज्याला पान घडवायचे आहे, त्याला आधी पान पाहावे लागते. शिरा कोठून फुटतात, देठ कसा वाकतो, हे त्याला शिकावे लागते. त्याच तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी म्हटले, की देवाचा चांगुलपणा कोणत्याही एका निर्मितीत मावत नाही. एकीत जे उणे, ते दुसरीने भरून काढावे, म्हणून त्याने नानाविध निर्मिती केली. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात ह्याच विचाराची आठवण दिली. संगणकापुढे बसलेला कलावंत दोन पाने वेगळी करण्यासाठी धडपडतो, तेव्हा नकळत त्याच वैभवाची थोरवी मान्य करतो.

धोका प्रतिकृतीत नाही. ती मूळ वस्तूची जागा घेते, त्यात आहे. नव्या वसाहतींच्या जाहिराती आपण पाहतो. उंच इमारतींभोवती गर्द झाडी, झाडीखाली हसरी मुले. ही झाडी संगणकातली. ज्या जमिनीवर ती दाखवली आहे, तेथे पूर्वी एखादी वाडी असेल, तिच्यातील आंबा-चिंच तोडली गेली असेल, विहीर बुजवली गेली असेल. फलकावर मात्र हिरवळ वाऱ्यावर डुलते. चित्रकलेचे पाप नव्हे हे. पण खोट्या साक्षीविरुद्धच्या आठव्या आज्ञेचा हा भंग नव्हे काय? २०२४ साली दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी झटले, ते वसई चित्रात हिरवी दिसावी म्हणून नव्हे.

ह्या तंत्रातील आणखी एक युक्ती मला अंतर्मुख करते. दूरची झाडे पूर्ण घडवण्याचे श्रम वाचावेत म्हणून पुष्कळदा त्यांच्या जागी झाडाचे चित्र असलेला सपाट फलक उभा करतात. पाहणारा जिकडे जाईल, तिकडे तो तोंड फिरवतो; त्यामुळे त्याची पोकळ पाठ कधी दिसत नाही. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांची भक्ती अशी असते? लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर प्रार्थना करणाऱ्यांविषयी प्रभूने आपल्याला सावध केले आहे. खरे झाड कोणी पाहत नसतानाही सावली देते. रानातील ज्या पानाकडे मनुष्याची दृष्टी कधीच जात नाही, तेही गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासमोर पूर्ण असते.

पडद्यावरचे रान सुंदर असेल, तर त्याचे कौतुक अवश्य करावे. त्यानंतर मुलांचा हात धरून दाराबाहेर यावे आणि त्यांना एका झाडाखाली सारखी दोन पाने शोधायला सांगावे. ती सापडणार नाहीत. पण शोधता शोधता त्यांना एखादे कुरतडलेले पान सापडेल, आणि कदाचित ते कुरतडणारी अळीही.