तो स्टिकर आधी काढा

तुमची इलेक्ट्रिक गाडी इकडे मध्यभागी आणा आणि तो स्टिकर आधी काढा. 'शंभर टक्के स्वदेशी'! कुणी लिहिलं, हे विचारत नाही, कारण लावताना तुम्ही सगळेच तिथे होतात. प्रदर्शनात पाहुण्यांनी पाठ थोपटली तेव्हा तुमच्यातल्या एकाचीही मान खाली गेली नाही. मला राग त्याचा आला आहे.

काल संध्याकाळी मी मागच्या चाकातली मोटर खोलली. झाकणाचे बोल्ट काढून स्टेटर बाहेर ओढला. आतल्या रिंगला ४६ चुंबकं चिकटवलेली, पातळ पट्ट्या. त्यातल्या एकीचा कोपरा उडालाय, निकेलचा थर सोलून आतला राखाडी भाग उघडा पडलाय. ही पट्टी तुम्ही केलीत? कंट्रोलर तुम्ही केलात? बॅटरीतले सेल? सगळं खोक्यातून आलेलं. तुमचं म्हणावं असं चासीचं वेल्डिंग, हार्नेस आणि रंग. वेल्डिंग चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. पण जोडणीला निर्मिती म्हणायला तुम्हाला कुणी शिकवलं? मी तर नाही.

४ एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून होणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवान्याचं बंधन घातलं. पावसाळ्यापर्यंत आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोला ऑगस्टमधल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या उत्पादनाची जाहीर काळजी करावी लागली. चासी तयार, टायर तयार, कामगार हजर, आणि अडलं कुठे, तर असल्या बोटभर पट्टीवर. त्या सातांत डिस्प्रोसियम होतं, टर्बियम होतं. ती कशाला लागतात, हे मी तोंडी परीक्षेत विचारलं तेव्हा तुम्ही छताकडे पाहत होतात. आता ऐका. साधं निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबक तापलं की त्याचं बळ जातं. भर मे महिन्यात दोन माणसं घेऊन गाडी घाट चढते तेव्हा मोटर तापणारच. त्या उष्णतेत चुंबक टिकावं म्हणून त्यात ही मूलद्रव्यं अगदी थोडी घालतात. नेमकी तेवढीच मिळाली नाहीत.

'सर, आपल्याकडे खनिजच नाही,' हे पुन्हा माझ्यासमोर म्हणू नका. केरळात चवऱ्याला, ओडिशात छत्रपूरला किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाईट आहे. त्यावर काम करणारी सरकारी कंपनी १९५० पासून आहे. वाळूतून ऑक्साइड निघतं, ऑक्साइडचा धातू, धातूचा मिश्रधातू, त्याची काही मायक्रॉनची भुकटी, ती चुंबकीय क्षेत्रात दाबून हजार अंशांच्या वर भट्टीत भाजायची, मग कापायची, मुलामा द्यायचा. या साखळीच्या पहिल्या कड्या आपण जोडल्या आणि पुढच्या सोडून दिल्या. म्हणून आपलं ऑक्साइड जपानला जात राहिलं आणि चुंबक आपण चीनकडून घेत राहिलो. या पुढच्या कड्यांत नफा कमी, घाण जास्त, शिकायला वर्षं लागतात. तयार माल स्वस्तात मिळत होता, मग ती यातायात कुणी केली नाही.

सेलचंही तेच. २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना निघाली, ५० गिगावॅट-तासांचं उद्दिष्ट ठरलं, आणि ठरल्या मुदतीत त्यातलं अगदी थोडंच उभं राहिलं. चुंबकांसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी मंजूर झाले; वर्षाला ६,००० टनांची क्षमता उभारायची आहे. पैसा आला. भट्टी कोण चालवणार? भुकटीला हवा लागली तर ती पेट घेते, हे कुणाला ठाऊक आहे? पावडर मेटलर्जीच्या तासाला ६२ जणांच्या वर्गात १४ जण बसायचे. बाकीचे कँटीनमध्ये, कारण 'प्लेसमेंटला विचारत नाहीत'. अरे, विचारत नाहीत ते इथे कारखाना नाही म्हणून, आणि कारखाना नाही तो ते काम येणारी माणसं नाहीत म्हणूनही. हा फेरा तुम्ही तोडायचा नाही, तर कुणी?

भोसरीत जा. पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडिंग मशीनवर उभा राहणारा कारागीर डाय घासताना मायक्रॉनचा हिशेब ठेवतो. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही. लॅमिनेशनचा डाय, चुंबक दाबायचा डाय, असली कामं करायची कुवत या गावच्या हातांत आहे. तुम्ही त्याच्याकडे एकदाही गेला नाहीत. तुम्ही मोबाइलवर किट मागवलंत.

गुण मी कापलेत, आणि रडत येऊ नका. सोमवारी सकाळी ८ ला वर्कशॉप उघडं असेल. मोटर मी तशीच खोलून ठेवली आहे. गाडीतल्या प्रत्येक भागासमोर तो कुठून आला, हे खरं खरं लिहायचं; माहीत नसेल तर शोधायचं. मग चुंबकाच्या पट्ट्या काढून फेराइटचा रोटर करून बघायचा. फेराइट दुबळं आहे, मोटर मोठी आणि जड होईल. किती जड, ते काट्यावर ठेवून मला सांगा. तो कोपरा उडालेला तुकडा माझ्या टेबलावर आहे, डबीत. त्याला हात लावू नका, तो पुढच्या वर्षीच्या वर्गाला दाखवायचा आहे.