मायेची कात्री

वैशाखातील एका दुपारी धर्मग्रामातील एका कुटुंबाने आपला पॉमेरेनियन कुत्रा आमच्याकडे आणला. "फादर, उकाड्याने बिचारा हैराण झालाय. केस पार काढून टाकू का?" घामाने भिजलेल्या आमच्या झग्याकडे पाहून आम्ही तत्काळ होकार दिला.

आमची चूक झाली. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो अंग थंड करतो. त्याचे दुपदरी केस थंडीप्रमाणे उन्हालाही अडवतात. ते मुळापासून कातरले तर त्वचा उन्हाने भाजते. या जातीत तर ते कधी कधी पूर्ववत उगवतही नाहीत. नियमित विंचरून आतली सुटलेली लव काढावी, सावली व पाणी द्यावे, एवढीच त्याची गरज असते.

नीतिसूत्रांच्या ग्रंथात (१२:१०) नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे : आपल्या पशूविषयीची आस्था. मूळ हिब्रू वचनात तेथे 'जाणणे' या अर्थाचे क्रियापद आहे. आमच्यापाशी माया होती. जाणून घेण्याचे कष्ट मात्र आम्ही घेतले नाहीत. आपल्या उकाड्यावरून आम्ही त्या मुक्या जिवाचा उकाडा मोजला.

घरातील वृद्धांच्या आणि मुलांच्या बाबतीतही, त्यांना न विचारता, आपण हीच कात्री चालवत नाही ना?